उपाशीपोटी घेऊन या

पत्र असं आहे:

‘काकू, मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, अगं-तुगंच करा. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. पोट कायम टम्म, हातपाय काड्या. सोनोग्राफीत लिव्हर बरंच वाढलेलं निघालं. पहाटे कधी कधी घामेघूम होऊन थरथरतो, दिवाळीनंतर एकदा पहाटेच झटका आला. पहिल्या डॉक्टरांनी जंत सांगितले. दुसऱ्यांनी ईईजी काढून फिटचं औषध सुरू केलं. तिसरे म्हणाले, मेटाबॉलिक काहीतरी वाटतंय, बाहेर दाखवा. बाहेर म्हणजे कुठे, ते नाही सांगितलं. सासरे मुंबई म्हणतात, भाऊ दिल्ली म्हणतो, नणंद हैदराबादच्या एका खासगी हॉस्पिटलचे व्हिडिओ पाठवते. ह्यांचा पगार २२,०००. इथल्या डॉक्टरांना न सांगता गेलो तर ते पुढे बघतील का? आणि शेवटचं. पोटात होता तेव्हा मी हरतालिकेचा निर्जळ उपास केला होता. त्यानं झालं असेल का?’

शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे दिवसा पडतात, हा रात्री पडतो. नाही गं, हरतालिकेनं नाही झालं. तिसऱ्या डॉक्टरांचा मेटाबॉलिकचा, म्हणजे खाल्लेल्या अन्नाची शरीरात शक्ती करण्याच्या कामात बिघाड असल्याचा, संशय खरा निघाला तरी असले आजार बहुतेक करून आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी दोन बिघडलेली जनुकं एकत्र आली की होतात. आईवडील दोघंही ठणठणीत असतात, आणि दर बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ असं सासरी कुणी ऐकवलं असेल तर ते खरंच आहे. तुझ्या माहेरीही तेवढंच खरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला कळत नाही ते त्यामुळेच.

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिला ग्लायकोजेन साठण्याचा आजार आहे, डॉक्टर त्याला जीएसडी म्हणतात. लिव्हर साखर साठवून ठेवतं, पण गरजेला सोडत नाही. कोठी धान्यानं भरलेली आणि किल्ली हरवलेली, अशातला प्रकार. तुझ्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून कुणीच म्हणू नये, लिव्हर वाढायला शंभर कारणं असतात. पण वाढलेलं लिव्हर आणि पहाटेचा घाम-झटका एकत्र दिसले की रक्तातली साखर बघायलाच हवी. तुझ्या पत्रात तीन डॉक्टर आहेत, सोनोग्राफी आहे, ईईजी आहे. साखरेचा आकडा कुठेच नाही.

तेव्हा मुंबई की दिल्ली हे उद्या. आज संध्याकाळी ह्यांना सांग, येताना मेडिकलमधून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची डबी घेऊन या. पहाटे एकदा, आणि तो घामेजला, सुस्तावला, विनाकारण किरकिरायला लागला की, बोट टोचून बघायचं. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: वेळ, आकडा, शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं. आकडा ७० च्या खाली असला आणि तो जागा असेल, नीट गिळत असेल, तर लगेच ग्लुकोजचं पाणी पाज, मागून काहीतरी खाऊ घाल आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. ग्लानीत असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तडक सरकारी एम.वाय. हॉस्पिटल, नाहीतर जिथे रात्री मुलांचे डॉक्टर हजर असतात असा जवळचा दवाखाना. तिथे पोचलं की एवढंच म्हण, ‘ग्लुकोज लावायच्या आधी रक्ताचं एक सँपल काढून ठेवता येईल का?’ साखर खाली असतानाच्या त्या रक्तात लॅक्टेट, कीटोन, इन्सुलिन या घटकांचे आकडे काय म्हणतात यावरून अर्धा आजार उलगडतो. ग्लुकोज लागलं की तो पुरावा पुसला जातो. मात्र सँपलपायी ग्लुकोज अडवायचं नाही, एका मिनिटात निघालं तर निघालं. आणि फिटचं औषध मनानं बंद करू नकोस.

आता उपाशी राहण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना आम्हाला पोटाची सोनोग्राफी सांगितली होती. चिठ्ठीवर छापलेलंच होतं, ‘उपाशीपोटी घेऊन या.’ रात्री आठला जेवली होती. सकाळी सातला आम्ही सेंटरवर हजर, आमचा नंबर सतरावा. मशीनवर बसणारे डॉक्टर दहाला आले. पोरगी माझ्या मांडीवर हळूहळू मऊ पडत गेली. मी तिला थोपटत होते, म्हटलं लवकर उठवलं म्हणून झोपली असेल. बाकड्यावर शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, ‘इसका माथा तो देखो, कितना पसीना.’ जानेवारी होता. साडेदहाला तिला तिथेच झटका आला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, नंबर जाईल तुमचा.

तेव्हा ‘उपाशी’ शब्द ऐकला की विचार, किती तास? आणि सांग, ‘याची साखर खाली जाते असा संशय आहे, पहिला नंबर द्या, तोवर काय चालेल ते डॉक्टरांना विचारून सांगा.’ तुला भांडखोर म्हणतील, म्हणू देत. मुद्दाम उपाशी ठेवून करायच्या तपासण्याही असतात. त्या भरती करून, हाताला सलाइनची सुई लावून ठेवूनच होऊ दे. रात्री जेवल्यावर सकाळी नऊपर्यंत त्याला तसाच झोपू देतेस का? देत असशील तर निदान होईपर्यंत मध्ये एकदा उठवून काहीतरी भरव. काय आणि किती, ते तिसऱ्या डॉक्टरांना फोन करून विचार.

आता ‘बाहेर म्हणजे कुठे’. घरात तीन शहरं भांडतायत, पण शहराला काय करायचंय? विभाग शोध. तुझ्या कामाचे तीन शब्द आहेत: मेडिकल जेनेटिक्स म्हणजे जनुकांचे आजार बघणारे, मेटाबॉलिक क्लिनिक आणि पीडियाट्रिक हेपॅटॉलॉजी म्हणजे लहान मुलांच्या लिव्हरचे डॉक्टर. यातलं काही असेल तिथे तुझं काम आहे. नसेल तर इमारत वीस मजली असो, लॉबीत पियानो वाजत असो, आपल्याला त्याचं काय?

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं आणि देशातल्या काही सरकारी संस्था त्यासाठी ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ म्हणून नेमल्या. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, लखनऊचं संजय गांधी पीजीआय, मुंबईत परळचं केईएम, हे त्यात येतात. इंदूरहून मी केईएमच म्हणेन, आणि सासऱ्यांना खूश करायला म्हणत नाहीये. अवंतिका एक्सप्रेसमध्ये संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई सेंट्रल, तिथून टॅक्सीनं परळ. केईएमला लागूनच मुलांचं वाडिया हॉस्पिटल आहे. आणि भाषा. ‘आधी डोळे फिरवतो, मग हात आखडतो, मग एकदम ढेपाळतो’ हे मला हिंदीत आजवर धड सांगता आलेलं नाही, जन्म इंदुरात जाऊन. वॉर्डातल्या मावशींपासून सिस्टरपर्यंत मराठीत बोलता आलं तर आईचा निम्मा शीण जातो.

भोपाळचं एम्स दोनशे किलोमीटरच्या आत आहे, सकाळी जाऊन रात्री परतता येतं. तिथे आधी दाखवायला हरकत नाही, मात्र वरच्या तीन शब्दांपैकी कोण बघतं ते फोन करून विचारून मगच. नणंदेच्या हैदराबादलाही मी वाईट म्हणत नाही. खासगीत फार चांगले लोक आहेत. व्हिडिओ बघून ठरवू नकोस एवढंच. कुठेही जाशील तिथे डॉक्टरांना सरळ विचार: असा संशय असलेली किती मुलं सध्या तुमच्याकडे नियमित येतात? ही तपासणी अशी आली तर उपचार काय बदलेल, तशी आली तर काय? घरी गेल्यावर रात्री दोनला अडलं तर कुणाला फोन करायचा? जाणकार माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. आमच्या एका नामांकित डॉक्टरांनी पहिल्याच प्रश्नाला सांगितलं, ‘अशी एकच मुलगी बघितली होती, बारा वर्षांपूर्वी. तुम्ही माझ्याकडे थांबू नका.’ त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे.

तपासण्यांची घाई करू नकोस. कागदावर सुकवलेले रक्ताचे थेंब, जनुक तपासणीची ट्यूब, हे सगळं इंदूरहून कुरिअरनं जातं, त्यामुळे इथला कुणीही ‘मोठं पॅकेज करून टाकू’ म्हणू शकतो. आम्ही केलं होतं. जाडजूड रिपोर्ट आला, त्यात आमच्या कामाचं एक पान होतं. कोणती तपासणी हे मेटाबॉलिकच्या डॉक्टरांना ठरवू दे. साखर, लॅक्टेट, युरिक ॲसिड, ट्रायग्लिसराइड या साध्या तपासण्यांवरूनच त्यांना बरीच दिशा मिळते. लॅक्टेटचं रक्त काढताना हात फार आवळायचा नसतो आणि ट्यूब बर्फात ठेवून लगेच लॅबला जावी लागते. संध्याकाळपर्यंत टेबलावर पडलेल्या ट्यूबचा आकडा खोटाच येणार. जनुकांच्या रिपोर्टला काही आठवडे लागतात आणि कधी कधी त्यात ‘या बदलाचा अर्थ निश्चित नाही’ असं लिहून येतं. तो ना होकार असतो, ना नकार. त्यावर नेटवर रात्र काढायची नाही, जेनेटिक काउन्सेलरशी, म्हणजे असा रिपोर्ट समजावून सांगणाऱ्यांशी, वेळ ठरवायची. तुम्हा दोघांचंही रक्त मागतील, द्या. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर पहिल्या मुलाचा नेमका दोष सापडलेला असला तरच गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास तपासणी करता येते. म्हणून दुसरं बाळ राहायच्या आधी हा रिपोर्ट हातात हवा.

इथल्या डॉक्टरांना चोरून जाऊ नकोस. तिसऱ्या डॉक्टरांकडे जा आणि म्हण, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही केईएमला जातोय, एक रेफरन्सची चिठ्ठी द्या. आल्यावर तुमच्याकडेच येणार आहोत.’ यातलं दुसरं वाक्य गाळू नकोस. परळचे डॉक्टर आजार ओळखतील, पण रात्री अडीचला उलट्या सुरू झाल्या तर ते पाच-सहाशे किलोमीटरवर असतील. ताप आला, जेवण सुटलं, की अशा मुलांचं गणित तासाभरात बिघडतं. तेव्हा तुझ्या मुलाला नावानं ओळखणारा एक मुलांचा डॉक्टर इंदुरातच पाहिजे. आई म्हणून तुझं काम या दोघांची गाठ घालून देण्याचं. बाकीचं ते करतात.

ती गाठ कागदानं पडते. आमच्या मुलीच्या दप्तरात, माझ्या पर्समध्ये, आजीच्या कपाटात आणि ह्यांच्या मोबाइलमध्ये परळहून आणलेलं एक पत्र आहे. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, पाच ओळी. आजाराचं नाव. ‘खाणं बंद असेल तर वाट न बघता शिरेतून ग्लुकोज सुरू करा.’ ‘ग्लुकॅगॉनचा (साखर वाढवणाऱ्या इंजेक्शनचा) उपयोग होत नाही.’ ‘रिंगर लॅक्टेट लावू नका.’ आणि एक फोन नंबर. इमर्जन्सीत कुणीही आलं की पहिली आरएलची, म्हणजे त्याच रिंगर लॅक्टेट सलाइनची, बाटली लटकते, बिचाऱ्या ज्युनिअर डॉक्टरला तेच शिकवलेलं असतं. आमच्या मुलीच्या रक्तात आधीच लॅक्टेट जास्त, त्यात ती बाटली नको. दोन वर्षांपूर्वी सिस्टरच्या हातात बाटली होती आणि आजीनं कपाटातून आणलेला कागद तिच्यासमोर धरला. मी तेव्हा शहरात नव्हते. तुझ्या मुलाच्या पत्रात वेगळं काही असेल, पण घेतल्याशिवाय परळहून निघू नकोस.

फाइलबद्दल थोडक्यात. तारखेनुसार लाव, सगळ्यात जुना कागद खाली. मूळ कागद कुणाला देऊ नकोस, झेरॉक्स दे. वरती स्वतःच्या हातानं लिहिलेलं एकच पान: जन्माचं वजन, कधी बसला, कधी चालला, पहिला घाम कधी, झटका कोणत्या तारखेला किती वाजता, त्याआधी किती तास पोटात काही नव्हतं, सध्याची औषधं. डॉक्टरांनी दिलेली नावं लिहू नकोस, तू पाहिलंस ते लिही. ‘फिट आली’ एवढ्यानं त्यांना काही कळत नाही. ‘पहाटे पाच दहाला, रात्री साडेआठनंतर काही खाल्लं नव्हतं’ यानं सगळं कळतं. पुन्हा तसं झालं तर ह्यांना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांग. वाईट वाटेल, तरी काढायचा. साखरेची वही सोबत हवीच.

गाडीत आणि ओपीडीच्या रांगेत तोच उपासाचा धोका आहे. रात्रीचा गजर लाव. डबा, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी डोक्याखालच्या पिशवीत ठेव, सीटखालच्या बॅगेत नको. केसपेपरच्या रांगेत ह्यांना उभं कर, तू मुलाला खाऊ घालत बस.

पैशाचं. आयुष्मान कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, आणि ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलातही चालतं. मात्र ते भरती झाल्यावरच. ओपीडी आणि बाहेरच्या तपासण्या खिशातूनच. महाराष्ट्र सरकारची फुले योजना आपल्याला नाही. आडनाव कितीही कोकणातलं असलं तरी रेशनकार्ड मध्य प्रदेशचं आहे. रेल्वेची सवलत कॅन्सर, हृदय, किडनी, थॅलेसीमिया अशा ठराविक आजारांना आहे, या आजारांना नाही, त्यात दिवस घालवू नकोस. दुर्मिळ आजारांच्या धोरणात यादीतल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे, अर्ज त्या नेमलेल्या केंद्रातूनच होतो. केईएमला नाव नोंदवायचं हेही एक कारण. मुक्कामाला परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. हॉस्पिटलची चिठ्ठी जवळ ठेव, जागा असेलच असं नाही, आधी फोन कर. दोन्ही नाही जमलं तर लाज सोडून मुंबईतल्या लांबच्या नातेवाइकांना विचार. आम्ही ह्यांच्या चुलत आत्यांकडे डोंबिवलीला अकरा दिवस राहिलो, त्याआधी त्यांना लग्नातच पाहिलं होतं. लिव्हर बरं करून देतो म्हणणारे काढेवाले आणि इंजेक्शनवाले आता तुला फोनवर सापडतील, त्यांना एक रुपया देऊ नकोस.

निदान काय निघेल ते निघो, घरातल्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घे. आमच्या मुलीला कच्चं कॉर्नस्टार्च सांगितलं होतं, दुकानात कॉर्नफ्लोर म्हणून डब्यात मिळतं ते. मक्याचं पिवळं पीठ वेगळं. ठरावीक ग्रॅम मोजून, साध्या गार पाण्यात कालवून, दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. कच्चं असलं की ते पोटात हळूहळू पचतं आणि साखर तासन्‌तास टिकते. शिजवलं की भराभर पचून जातं, गुण संपला. हे मला माहीत होतं, सासूबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. ‘लेकराला कच्चं पीठ काय पाजायचं’ म्हणून त्यांनी मायेनं त्याची मऊ लापशी केली. पहाटे तीनला आकडा ४८. मी त्यांच्यावर ओरडले, आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. नंतर परळला त्यांनाही घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून एका पेल्यात गार पाणी आणि एकात गरम घेऊन पीठ कालवून दाखवलं. त्या दिवसापासून रात्री दोनचा पेला त्यांचा. मोजून देतात, चमच्यावर बोट फिरवून जास्तीचं पाडतात. मुलीला वरून घातलेली साखर वर्ज्य, म्हणून रविवारी पोहे येतात तेव्हा दुकानदाराला बजावतात, ‘भैया, शक्कर मत डालना, जीरावन ज्यादा,’ आणि जलेबीची पुडी आमच्या दारात कुणी आणूच शकत नाही.

तू मात्र आत्ता स्वतःहून कॉर्नफ्लोर सुरू करू नकोस. निदान आणि वजन बघून डॉक्टर मात्रा ठरवतात, आणि सगळ्या आजारांत ते चालत नाही. परळहून तेच सांगितलं गेलं तर संपादकांच्या पत्त्यावर मला दोन ओळी पाठव. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, माझ्याकडे जुना एक पडून आहे. चालतो. नवे सेल घालून ठेवते.